तेरा पायऱ्या

पहिला दिवस

समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला. शेवटच्या वळणावर ताईने गाडीची काच खाली केली आणि नुसता हात वर केला, म्हणजे गप्प बस. वादळ आदल्या दिवशीच पुढे सरकलं होतं. वारा पडलेला, आभाळ उघडलेलं, ऊनसुद्धा. पण समुद्रापर्यंत ही बातमी पोहोचलेली दिसत नव्हती. दुपारचा दीड वाजला होता, पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे उधाणाची भरती आणि तीही ऐन माथ्यावर.

ताईने तीस वर्षं भूगोल शिकवला. ‘पुळण’, ‘वाळूचा दांडा’ हे शब्द ती फळ्यावर लिहायची. आता निवृत्तीनंतर ते शब्द पायाखाली घेऊन बघायचे, असं तिने ठरवलंय. मी तिचा सामान उचलणारा धाकटा भाऊ. या वेळच्या सामानात दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, एक दोरी, एक लोहचुंबक आणि एक जुना फोटो होता. फोटो मागल्या शांत हंगामातला. रस्त्यावरून पुळणीवर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या त्यात दिसतात. मोजल्या तर चार. पाचवीपासून पुढच्या वाळूत.

आज पायऱ्यांकडे जायची सोयच नव्हती. टेकाडावरच्या कठड्याशी उभे राहिलो. पांढऱ्या फेसाच्या एकामागे एक पाच-सहा रांगा, सगळ्यांत बाहेरची रांग इतकी लांब की तिथे लाट फुटताना आधी दिसायची आणि आवाज मागाहून यायचा. ताईने एक खडक हेरला, त्यावरून अकरा लाटा जाऊ दिल्या आणि घड्याळ बघितलं. दोन मिनिटं वीस सेकंद. म्हणजे दोन लाटांमध्ये १४ सेकंद. सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की खोल समुद्रातल्या लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते, हे गणित तिने मला तोंडी करायला लावलं. ३०६ मीटर आलं. लांबीच्या निम्म्याहून पाणी उथळ झालं की लाटेला तळ जाणवायला लागतो. म्हणजे या लाटा दीडशे मीटर खोलीपासूनच तळ चाचपत आल्या होत्या.

“आणि फुटतात कुठे?” मी विचारलं.

“उंचीच्या सव्वापट खोली उरली की. चार मीटरची लाट असेल तर तिथे पाणी पाचेक मीटर समज.”

लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. शिवाय फुटणाऱ्या लाटांचा रेटाच किनाऱ्याजवळचं पाणी वर चढवून धरतो, त्यामुळे भरतीच्या कोष्टकातल्या आकड्यापेक्षा पाणी आणखी आत येतं. आज ते थेट वाळूच्या टेकडीच्या पायथ्याला भिडत होतं. लाट पायथा कोरायची, वरचा भाग थोडा वेळ तसाच लटकत राहायचा आणि मग वेलींसकट, मुळांसकट धप्पकन बसायचा. पुढची लाट तो ढिगारा उचलून न्यायची. तासाभरात असे सात ढिगारे मोजले. आठव्याला ताई म्हणाली, चल आता, बघवत नाही.

दुसरा दिवस

पावणेआठला ओहोटी. पायऱ्या उतरायला लागलो आणि मोजत गेलो. चार, पाच, आठ, दहा. तेरा. तेराव्या पायरीखाली पायाचा दगड उघडा पडला होता आणि त्याखालून पाणी झिरपत होतं. पायरी साधारण १७ सेंटिमीटरची, म्हणजे नऊ पायऱ्यांइतकी, दीड मीटर वाळू उतरली होती. खालच्या पायऱ्यांचा रंग वेगळा होता. फिकट, कडा अजून धारदार. वरच्या चार पायऱ्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या, खालच्यांना पावलं कधी लागलीच नसावीत.

पुळण मला ओळखू आली नाही. फोटोत ती उतरती, मऊ, पाय घोट्यापर्यंत रुतेल अशी आहे. इथे सपाट, कडक, ओली फरशी पसरली होती, पाण्यापर्यंत नुसती लांबच लांब. फोटोत नसलेले खडक वर आलेले. डावीकडे वाळूच्या टेकडीचा कडा, माझ्या छातीइतका उंच, सुरीने केक कापावा तसा उभा. त्या कापलेल्या भिंतीतून मर्यादवेलीची मुळं दोऱ्यांसारखी लोंबत होती. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून मर्यादवेल, आणि ती अशी हवेत.

कापलेल्या भिंतीत थर दिसत होते. पिवळट वाळू, मध्येच शिंपल्यांच्या चुऱ्याची पट्टी, पुन्हा वाळू, मग बोटभर काळी रेघ. त्या काळ्या रेघेपाशी ताई बराच वेळ उकिडवी बसली होती. उद्या चुंबक आणते म्हणाली.

मग काठ्या. ही पद्धत केनेथ एमरी या शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडली आणि तिला डोळे व क्षितिज एवढंच लागतं. दोन सारख्या काठ्या, मधे ठरावीक लांबीची दोरी. एक काठी वर, एक खाली. वरच्या काठीशी उभ्या माणसाने खालच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत धरायचं. ती रेष आपल्या काठीला जिथे कापते, तिथपासून आपल्या काठीच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे दोन जागांमधला उतार. मग दोन्ही काठ्या पुढे. तेराव्या पायरीपासून पाण्यापर्यंत अशा बेचाळीस उड्या झाल्या. सिडनीजवळच्या नॅराबीन किनाऱ्यावर १९७६ पासून दर महिन्याला मोजमाप चालू आहे, आणि पहिली कित्येक वर्षं ते याच दोन काठ्यांनी होत होतं. हे ऐकल्यावर माझी कुरकुर थोडी कमी झाली.

तिसरा दिवस

दमट धूसर हवा. क्षितिजच नाही, म्हणून मोजणी नाही.

खोलीच्या खिडकीत बसून तोच प्रश्न तीनदा विचारला: एवढी वाळू गेली कुठे? हिशेब केला. पुळणीची रुंदी चाळीस मीटर धरा, सरासरी मीटरभर खाली गेली धरा, म्हणजे किनाऱ्याच्या दर एक मीटर लांबीमागे चाळीस घनमीटर.

ताईने बोट दाखवलं. लाटा आता बऱ्याच बसल्या होत्या, पण किनाऱ्यापासून दूर एका आडव्या पट्ट्यावर प्रत्येक लाट थोडी अडखळत होती, पांढरी होत होती, पट्टा ओलांडला की परत निळी होऊन पुढे येत होती. “तिथे आहे तुझी वाळू. दांडा झालाय.”

ते कसं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. पाव मिलिमीटरचा वाळूचा कण पाण्यात सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर या गतीने खाली बसतो. मोठी लाट त्याला तळापासून मीटर-दोन मीटर वर उचलते. तो खाली पोहोचेपर्यंत पुढची लाट येते आणि त्याला पुन्हा उचलते. तो तरंगतच राहतो. त्याच वेळी किनाऱ्याशी चढलेलं पाणी तळालगत मागे, समुद्राकडे परतत असतं. तरंगता कण त्या परतीच्या पाण्याबरोबर जातो आणि लाटा फुटतात त्या पट्ट्यापाशी जाऊन बसतो. उलट, छोटी लाट कणाला जेमतेम वीतभर उचलते आणि तो लगेच बसतो. शिवाय उथळ पाण्यात लाटेचा माथा झटक्यात पुढे ढकलतो, माथ्यांमधला खोलगट भाग रमतगमत मागे ओढतो. झटका जास्त वाळू हलवतो. म्हणून शांत लाटा वाळू किनाऱ्याकडे आणतात, चिमूट चिमूट.

कणाच्या बसण्याची गती आणि लाटेचा कालावधी यांचा गुणाकार करायचा आणि लाटेच्या उंचीला त्याने भागायचं, असं एक साधं गुणोत्तर आहे. ऑस्ट्रेलियातल्या राइट आणि शॉर्ट यांनी १९८४ साली किनाऱ्यांची वर्गवारी त्यावरच बसवली. गुणोत्तर सहाच्या वर गेलं की पुळण सपाट आणि रुंद होते, लाटा लांबवर फुटून दमतात. एकच्या खाली आलं की पुळण उभी आणि आखूड. परवाच्या लाटांसाठी मी कागदावर आकडे घातले. नऊच्या पुढे गेलं.

आता त्या दांड्याकडे बघायची माझी नजर बदलली. परवा संध्याकाळपासून लाटा तिथे फुटत होत्या म्हणून टेकडीपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचा जोर मोडत होता. पुळणीने आपलीच वाळू पुढे टाकून बांध घातला होता.

चौथा दिवस

चुंबक काळ्या वाळूवरून फिरवलं आणि त्याला दाढी आली. मॅग्नेटाइट. नेहमीच्या क्वार्ट्झच्या कणापेक्षा घनतेने जवळजवळ दुप्पट. लाटांनी हलकी वाळू चाळून नेली आणि हे जड कण मागे राहिले. म्हणून टेकडीच्या कापलेल्या भिंतीतली प्रत्येक काळी रेघ ही बहुतेक एखाद्या जुन्या वादळाची सही. आम्ही तीन रेघा मोजल्या. मग ताईने वेल्समधल्या बोर्थची गोष्ट काढली. २०१४ च्या हिवाळी वादळांनी तिथली वाळू उपसली, तेव्हा खाली साडेचार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या जंगलाचे बुंधे उघडे पडले, मुळांसकट उभे.

दुपारी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे टेकडी नाही, काँक्रीटची भिंत आहे. भिंतीपुढे सगळ्यांत जास्त वाळू गेलेली. लाट भिंतीवर आपटते, जोर न मोडता मागे फिरते आणि जाताना पायथा खरवडते. भिंत संपते तिथून पुढे किनारा कोपऱ्यासारखा आत खाल्लेला. भिंत मागच्या घरांना वाचवते, नाही असं नाही. पुळणीला मात्र ती काहीच देत नाही. टेकडी कोसळते तेव्हा निदान वाळू देते.

येताना एक यंत्र दिसलं. वाहून आलेलं शेवाळ, फांद्या, गवत ओरबाडून गाडीत भरत होतं. प्लास्टिक उचलावं, जरूर उचलावं. पण फांद्या आणि शेवाळ? त्यांच्याच आडोशाला वाऱ्याने उडालेली वाळू थांबते आणि नव्या टेकडीचा पहिला ढीग तिथे होतो. यंत्र चालवणाऱ्याला हे सांगावं असं ताईच्या मनात होतं. तो हेडफोन लावून होता.

पाचवा दिवस

आमची फजिती. सव्वादहाच्या ओहोटीला मोजलं आणि आकडे बघून मी ओरडलोच. पुळणीचा मधला भाग तीन दिवसांत चाळीस सेंटिमीटर वर! ताईने वही बघितली, माझ्याकडे बघितलं, मग काठीकडे. दुसऱ्या दिवशी वाळू कडक होती. आज वरच्या कोरड्या वाळूत माझी काठी प्रत्येक वेळी दोन-तीन बोटं रुतत होती आणि ती चूक पुढच्या प्रत्येक उडीत साठत गेली होती. काठीखाली डब्याचं झाकण बांधून सगळं पुन्हा मोजलं. खरी वाढ सहा सेंटिमीटर, तीही फक्त पाण्याजवळच्या पट्ट्यात.

पायऱ्या तेराच.

सहावा दिवस

सप्तमी. भांगाची भरती, पाणी फारसं वर येत नाही. समुद्र इतका गोड दिसत होता की मी पोहायला उतरलो. दोन जागा होत्या. एकीकडे दांड्यावर लाटा फुटत होत्या, दुसरीकडे पाणी शांत, थोडं गडद, लाटाच नाहीत. मी अर्थात शांत जागेकडे निघालो. ताईची हाक आली तशी हाक मी शाळेनंतर ऐकली नव्हती.

शांत दिसणारी जागा म्हणजे दांड्यातली खिंड. दांड्यावरून आत आलेलं सगळं पाणी तिथून बाहेर पडतं. तिथे खोली जास्त म्हणून लाटा फुटत नाहीत, आणि ओढ इतकी असते की पट्टीचा पोहणाराही तिच्याविरुद्ध टिकत नाही. तीत सापडलंच तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही. किनाऱ्याला समांतर जात ओढीबाहेर निघायचं, मग फुटणाऱ्या लाटांबरोबर आत यायचं. वादळानंतर अशा खिंडी नव्या जागी पडतात, त्यामुळे ‘इथे नेहमी पोहतो’ या माहितीला काही अर्थ उरत नाही. तिने एक फांदी खिंडीच्या तोंडाशी फेकली. चहाचा पेला संपायच्या आत ती दांड्यापलीकडे होती.

सातवा दिवस

पाऊस. वही वाळवली.

आठवा दिवस

आज मजा आली. ओहोटीला दांड्याची आतली बाजू उघडी पडली. पुळण, मग गुडघाभर पाण्याचा लांब चर, आणि चरापलीकडे वाळूची पाठ. पाठीचा समुद्राकडचा उतार सौम्य, आमच्या बाजूचा उभा. लाट सौम्य उतारावरून चढते, माथ्यावरून वाळू आत ढकलते, ती उभ्या बाजूने घसरून चरात पडते. अख्खा दांडा असा स्वतःवरून लोळत पुढे येतो. आम्ही उभ्या बाजूच्या पायथ्याशी काटकी रोवली. पुढच्या ओहोटीला ती वाळूत गाडलेली मिळाली, आणि पायथा तिच्यापुढे दोन पावलं.

चरात पाखरांची झुंबड. त्यात अडकलेलं जे काही होतं, त्याच्यावर त्यांचा ताव चालला होता.

वरच्या भागात दुसरं काहीतरी घडत होतं. पहिले दोन-तीन दिवस पुळण पाण्याने भरलेल्या बोळ्यासारखी होती, ओहोटीला तिच्यातून पाझर फुटून बारीक पाट वाहायचे. भरलेल्या वाळूत चढलेली लाट मुरत नाही, तशीच परत जाते आणि जाताना वाळू घेऊन जाते. आता वरची वाळू सुकली होती. लाट चढली की निम्मं पाणी खाली मुरायचं, परतीच्या पाण्यात जोर उरायचा नाही आणि आणलेली वाळू तिथेच टाकून ते निघून जायचं. मी पालथा पडून हे अर्धा तास बघितलं. एका लाटेमागे उरतो तो थर कागदाइतका असतो.

कडेने चंद्रकोरी उमटल्या होत्या. टोक, खोलगा, टोक, खोलगा. पावलांनी मोजल्या: बावीस, चोवीस, बावीस. टोकांवर जाड वाळू, खोलग्यांत बारीक. इतक्या सारख्या अंतरावर त्या कशा पडतात यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काही म्हणतात किनाऱ्यालगत धावणाऱ्या लाटा हे अंतर ठरवतात, काही म्हणतात वाळू आणि पाणी एकमेकांना वळण देत ते आपोआप जुळवतात. ताई दुसऱ्या बाजूची. मला दोन्ही पटतं.

नववा दिवस

खेकड्यांची पहिली बिळं. आठ. काल एकही नव्हतं.

दहावा दिवस

निघायचा दिवस. अडीचच्या ओहोटीला शेवटची मोजणी, डब्याच्या झाकणासह. पाण्याजवळ वाळू पस्तीस सेंटिमीटर चढलेली, आणि भरतीच्या रेषेशी एक छोटासा ओटा बसायला लागलेला: वर सपाट, समुद्राकडे उतार. टेकडीचा उभा कडा वाळून स्वतःच ढासळू लागला होता, पायथ्याशी भुसभुशीत ढीग. हे ढासळणं नाही, सावरणं आहे, हे मला दहा दिवसांपूर्वी कळलं नसतं. उभ्या भिंतीवर वेल चढत नाही, उतारावर चढते.

पायऱ्या मात्र तेराच. मी जरा खट्टू झालो. ताई म्हणाली, “अरे, पायऱ्या सगळ्यांत मागे आहेत. भरणं पुढून सुरू होतं. ओटा आधी समुद्राकडे वाढणार, मग उधाणाचं पाणी त्याच्या माथ्यावरून वाळू मागे टाकणार, उरलेलं वाऱ्याचं काम. तुझ्या पायरीचा नंबर शेवटी.”

न्यायला एक-दोन भरत्या पुरतात, आणायला आठवडे, महिने. आयर्लंडमधल्या अॅकिल बेटावरच्या डूआची पुळण १९८४ साली वादळाने नेली ती २०१७ च्या वसंतात परत आली. तेहेतीस वर्षं तिथे नुसते खडक होते.

दोन पौर्णिमांनंतर

फक्त एका दिवसासाठी आलो. गाडी लावली आणि आधी पायऱ्या. आठ.

पाच पायऱ्या वाळूखाली गेल्या होत्या. दांडा दिसेना. तो किनाऱ्याला येऊन चिकटला होता आणि चर बुजला होता. पुळण उतरती झाली होती, पाय रुतत होते, लाटा जवळ येऊन एकदाच धप्पकन फुटत होत्या. ओटा पंधरा पावलं रुंद. टेकडीच्या ढासळलेल्या उतारावर मर्यादवेलीचे चार दोरे खाली निघालेले, त्यांतल्या एकाला फूल. यंत्राने सगळं उचललेल्या टोकाला वाळू सपाटच होती. आमच्या बाजूला मात्र एक वाकडं लाकूड राहून गेलं होतं, आणि त्याच्यामागे वाऱ्याने वीतभर उंचीची शेपटी घातली होती. भिंतीपुढे अजून दगडच.

“मग झाली का पूर्ववत?” मी विचारलं.

ताईने फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. चार पायऱ्या. पण तो एका दिवसाचा फोटो. त्याआधीच्या वर्षी कदाचित सहा दिसत असतील, कदाचित दोन. वादळाआधीची आमच्याकडे एकही मोजणी नव्हती, आणि ‘पूर्ववत’ कशाच्या तुलनेत म्हणायचं, हे सांगायला वहीत काही नव्हतं. नॅराबीनमध्ये २०१६ च्या जून महिन्यातल्या वादळाने एका घराचा पोहण्याचा तलाव पुळणीवर आणून टाकला, तेव्हा तिथल्या लोकांकडे मागच्या चाळीस वर्षांचे आकडे होते. आमच्याकडे होत्या दोन काठ्या आणि डब्याचं झाकण.

दुपारी उधाणाची भरती आली. पाणी ओट्याच्या माथ्यावर चढलं, पातळ पापुद्र्यासारखं पायऱ्यांपर्यंत सरकलं, मुरलं. मी आठव्या पायरीवर बसलो होतो. ताईने खडूने तिच्या कडेला रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि वहीत नवं पान उघडलं.